बुबुळ बदलल्यानंतरचं पहिलं वर्ष: नजर कशी येते आणि कामावर कसं परतायचं

माझ्या उजव्या डोळ्याचं बुबुळ बदललं त्याला आता तीन वर्षं होतील. केराटोकोनस होता, म्हणजे कॉर्निया, म्हणजेच हे बुबुळ, पातळ होत होत शंकूसारखा पुढे येतो तो आजार, त्यात एक दिवस अचानक कॉर्नियात आत पाणी भरलं आणि नंतर मधोमध पांढरा डाग राहिला, मग ना चष्मा चालेना ना लेन्स. मी भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, दिवसभर व्हर्नियर, मायक्रोमीटर (पार्टची बारीक मापं घ्यायची साधनं) आणि ड्रॉइंग, म्हणजे माझं पोटच डोळ्यावर. ऑपरेशनच्या आधी मी दिसेल त्याला विचारायचे की दिसायला कधी लागतं आणि कामावर कधी जाता येतं, आणि ज्यांचं मोतीबिंदूचं झालंय असे सगळे सांगायचे, अगं दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की लख्ख! बुबुळाचं तसं नसतं. हे आधी कोणी बसवून सांगितलं असतं तर पहिले दोन महिने मी जेवढी रडले तेवढी रडले नसते. म्हणून ज्यांची तारीख लागलीय किंवा ज्यांचं नुकतंच झालंय त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितेय.

पहिलं काम: तुमचं नेमकं कुठलं ऑपरेशन आहे ते लिहून घ्या

"बुबुळ बदललं" म्हणतात पण सगळ्यांचं सारखं नसतं. आणि पूर्ण डोळा तर कोणाचाच बदलत नाहीत, समोरची घड्याळाच्या काचेसारखी पारदर्शक चकती असते तेवढीच, त्यामुळे डोळ्याचा रंगही बदलत नाही (माझ्या माहेरी अजून दोघीतिघी निरखून बघतात). ही चकती मधोमध साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. ती आरपार पूर्ण जाडीची बदलली तर त्याला पीके म्हणतात, माझं ते. आतला सगळ्यात शेवटचा थर तुमचा स्वतःचाच ठेवून वरचं सगळं बदललं तर डाल्क, केराटोकोनसला शक्यतो हे करतात पण माझा आतला थर फाटलेला असल्यामुळे जमण्यासारखं नव्हतं. आणि फक्त आतला थर खराब असेल, उदाहरणार्थ मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बुबुळाला सूज राहिली, तर तेवढाच बदलतात, ते डीसेक किंवा त्याहून पातळ थराचं डीमेक.

हे कशाला माहीत पाहिजे, तर पुढचं सगळं वेळापत्रक यावर आहे. डीमेकवाल्यांना काही आठवड्यांत बरंच दिसायला लागतं, डीसेकला काही महिने, आणि पीके किंवा डाल्क असेल तर वर्ष-दीड वर्षाची तयारी ठेवा. डीसेक-डीमेकमध्ये तो पातळ थर जागेवर चिकटावा म्हणून डोळ्यात हवेचा किंवा गॅसचा बुडबुडा सोडतात आणि पहिले एकदोन दिवस, कधी जास्तही, उताणं झोपून छताकडे बघत राहायला लावतात, बुडबुडा आहे तोवर विमान नाही, आणि महाबळेश्वरसारखा घाट चढायचा असेल तरी आधी विचारायचं, उंचीवर गॅस फुगतो. पीकेवाल्यांना ही भानगड सहसा नसते, आपल्याला त्याऐवजी टाके. तर शेजारच्या बेडवाल्याशी स्वतःची तुलना करू नका. माझ्या बाजूच्या आजींचं डीसेक होतं, त्या महिन्याभरात टीव्ही बघायला लागल्या आणि मी तेव्हा बोटं मोजत होते.

आणखी एक, कंपनीत आणि नातेवाइकांना सांगताना "पडदा बदलला" म्हणू नका. पडदा म्हणजे लोक रेटिना, डोळ्याच्या आतला मागचा थर, समजतात, ते वेगळं, ऑफिसच्या कागदावर घोळ होतो. बुबुळ किंवा कॉर्निया म्हणा.

पहिला आठवडा

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मला समोरच्या डॉक्टरांचा हात हलतोय एवढं कळलं, बोटं मोजता आली ती एक मीटरवरून. उजेड सगळा दुधाळ, डोळ्यात वाळू असल्यासारखं, पाणी सतत. हे नॉर्मल आहे. नवीन बुबुळाला सूज असते, त्यात टाके. माझ्या फोनवर नवऱ्याने डोळ्याचा फोटो काढून दाखवला तर गोल कडेने सोळा टाके, सायकलच्या चाकाच्या ताराच जशा, दोरा इतका बारीक की केससुद्धा जाड वाटावा. तो टोचत नाही फारसा कारण गाठी आत दाबलेल्या असतात. पण टाका सैल झाला की टोचतो, त्याचं पुढे सांगते.

रात्री झोपताना प्लास्टिकची शील्ड लावायचीच, निदान महिनाभर, तुमचे डॉक्टर सांगतील तितके दिवस. झोपेत हात जातो, आणि केराटोकोनसवाल्यांना तर डोळे चोळायची जुनी सवय असते. अंघोळ मानेखालून. केस धुवायचे तर सलूनमध्ये मागे मान टाकून धुतात तसे, दुसऱ्या कोणाकडून. खाली वाकून जड उचलायचं नाही, बादली, गॅस सिलिंडर, पोतं काही नाही. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, जोर लावायचा नाही, हे कोणी सांगत नाही पण महत्त्वाचं आहे. फोडणी आणि मिरचीच्या ठसक्यापासून लांब.

आणि घरचे उपाय सगळे बंद. गुलाबपाणी, मध, एरंडेल, अंगावरचं दूध, काजळ, काही म्हणजे काही नाही. सासूबाई मायेने गुलाबपाण्याच्या घड्या घेऊन आल्या होत्या, मी त्यांना जवळ बसवून सांगितलं की आई, हे बुबुळ कोणीतरी जाताना देऊन गेलंय, यात जंतू गेला तर परत मिळायचं नाही. त्यानंतर ड्रॉपची वेळ त्यांनीच पाळली.

ड्रॉप, आणि हा भाग नीट वाचा

बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून किडनीसारखं रक्तगट-बिक्तगट जुळवायची सहसा गरज पडत नाही. पण शरीराला हे परकं आहे हे कधी ना कधी कळू शकतं आणि ते कळू नये म्हणून स्टिरॉइडचे ड्रॉप असतात. सुरुवातीला दिवसातून सहा-आठ वेळा, मग हळूहळू कमी करत महिनोन्महिने, काहींना दिवसाला एक थेंब वर्षानुवर्षं चालू ठेवतात. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करायचे नाहीत. आणि लाल दिसतंय म्हणून आपल्या मनाने वाढवायचेही नाहीत, कारण स्टिरॉइडने डोळ्याचं प्रेशर वाढतं, म्हणजे काचबिंदू, आणि मोतीबिंदूही लवकर येतो. प्रेशर वाढलेलं आपल्याला कळत नाही, दुखतही नाही, म्हणून दर चेकअपला प्रेशर बघितलं का हे आपण विचारायचं.

दुसऱ्याचे ड्रॉप बघून तर अजिबातच नाही. माझ्या वेळी वॉर्डात बारामतीकडचे एक काका होते, उसाचं पाचट डोळ्यात जाऊन जखम झाली, त्यात बुरशी धरली आणि शेवटी डोळा वाचवायला बुबुळ बदलावं लागलं. त्यांना सुरुवातीला स्टिरॉइड दिलंच नाही, कारण बुरशी राहिली असेल तर स्टिरॉइडने ती फोफावते. माझ्यासाठी जे औषध तेच त्यांच्यासाठी विष. दोघांचं ऑपरेशन मात्र एकच.

टाकायची पद्धत: आधी साबणाने हात. आडवं व्हा किंवा मान पूर्ण मागे. खालची पापणी बोटाने ओढली की खिसा तयार होतो, त्या खिशात एक थेंब, बुबुळावर नेम धरायचा नाही. बाटलीचं टोक पापणीला लागता कामा नये. मग डोळा हळू मिटायचा, घट्ट आवळायचा नाही, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक मिनिट हलकेच दाबून ठेवायचा म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळ्या ड्रॉपमध्ये पाच मिनिटं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मलम असेल तर सगळ्यात शेवटी. प्रेडनिसोलोनची बाटली दुधासारखी असते, ती नीट हलवायची, नाहीतर औषध तळाला आणि डोळ्यात नुसतं पाणी. बाटली फोडल्याची तारीख पेनने लेबलवर लिहा, महिन्याने फेकून द्या, उरलं असेल तरी.

मेडिकलमधून आणताना नाव अक्षर न् अक्षर जुळवा. मला एकदा एका मेडिकलवाल्याने "हे पण स्टिरॉइडच आहे, सेमच" म्हणून दुसरी बाटली दिली, ते सौम्य स्टिरॉइड होतं, माझ्या त्या टप्प्याला पुरणारं नव्हतं. नवऱ्याने रात्री चिठ्ठीशी ताडून बघितलं म्हणून कळलं. बाटली संपायच्या चार दिवस आधी नवीन घरात पाहिजे, दिवाळी-गणपतीत दुकानं बंद असतात ते धरून.

नजर कशी येते, आणि ती घरी कशी मोजायची

नजर सरळ चढत जात नाही. एक दिवस बरं, दोन दिवस धुरकट, सकाळी जास्त धूसर आणि दुपारी त्यातल्या त्यात साफ, असं चालतं. मी एक गोष्ट केली ती सगळ्यांनी करावी असं मला मनापासून वाटतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय आहे, समोरच्या फरशीवर चिकटपट्टीची एक खूण केली, रोज सकाळी चहाच्या आधी त्या खुणेवर उभं राहायचं, चांगला डोळा तळहाताने झाकायचा (दाबायचा नाही) आणि नवीन डोळ्याने बघायचं. पहिल्या महिन्यात पान आहे एवढंच. दुसऱ्या महिन्यात लाल-काळे रंग वेगळे. तिसऱ्यात तारखेचा मोठा आकडा. वहीत एक ओळ लिहायची, बस. याचे दोन फायदे, एक तर रडू येतं तेव्हा मागची पानं बघितली की कळतं आपण पुढे आलोय, आणि दुसरा फायदा जास्त मोठा, काही बिघडलं तर आपल्याला त्याच दिवशी कळतं.

दवाखान्यात ६/६० वगैरे लिहितात त्याचा अर्थ असा की निरोगी डोळा जे अक्षर ६० मीटरवरून वाचतो ते तुम्हाला ६ मीटरवरून वाचता येतं. माझं महिन्याला ६/६०, तीन महिन्यांना ६/३६. पण तेव्हाच त्यांनी बारीक भोकं असलेलं काळं कार्ड डोळ्यासमोर धरलं आणि मी ६/१८ ची ओळ वाचली! त्याला पिनहोल म्हणतात. पिनहोलने सुधारतंय याचा अर्थ बुबुळ स्वच्छ आहे, अडचण फक्त नंबरची आहे, आणि नंबरवर चष्मा-लेन्सने उपाय होतो. तुमच्या कागदावर पिनहोलचा आकडा काय आलाय तो विचारा, नुसत्या नजरेच्या आकड्याने खचून जाऊ नका. त्या कार्डाने मला त्या दिवशी परत कामावर जायची आशा दिली, खोटं नाही सांगत, बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून आईला फोन केला.

नंबर एवढा का असतो, तर टाके सगळे एकसारखे ओढलेले नसतात, बुबुळ एका बाजूने जास्त ताणलं जातं आणि सिलिंडर नंबर येतो, एकाचे दोन दिसतात, अक्षराला सावली पडते. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून टोपोग्राफी काढून, म्हणजे बुबुळाचा चढ-उताराचा नकाशा, जो टाका जास्त ओढतोय तो काढतात. स्लिट लॅम्पवर, म्हणजे हनुवटी टेकवून डोळा तपासतात त्या यंत्रावर, बसल्या बसल्या, बधिर करायचा ड्रॉप टाकून, मिनिटाचं काम आहे, दुखत नाही. त्यानंतर काही दिवस अँटिबायोटिक. प्रत्येक टाका निघाला की नंबर बदलतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत महागाची फ्रेम आणि काच करू नका, मी केली आणि सात आठवड्यांत तो चष्मा कपाटात गेला. पीकेचे सगळे टाके निघायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागतं, माझे शेवटचे सोळाव्या महिन्यात निघाले. मग उरलेला नंबर चष्म्याने गेला नाही तर सेमीसॉफ्ट लेन्स (थोडी कडक, हवा आरपार जाऊ देणारी) किंवा स्क्लेरल लेन्स, म्हणजे बुबुळाला न टेकता पांढऱ्या भागावर बसणारी मोठी लेन्स. मला स्क्लेरल बसली, तिने ६/९ दिसतं. घालायला शिकताना पहिला आठवडा वैताग येतो, सोडू नका.

या चार गोष्टी दिसल्या की त्याच दिवशी दवाखाना

डोळा लाल होणं, उजेड सहन न होणं, नजर धूसर होणं, दुखणं. चारही एकत्र यायची वाट बघायची नाही, एक पुरे. शरीराने बुबुळ नाकारायला सुरुवात केली की अशीच सुरुवात होते, त्याला रिजेक्शन म्हणतात, आणि ते पहिल्या वर्षातच होतं असं नाही, पाच-सात वर्षांनीही होऊ शकतं. लवकर पकडलं तर तासातासाला स्टिरॉइड देऊन बऱ्याचदा परतवता येतं. उशीर झाला की आतल्या थरातल्या पेशी मरतात आणि त्या परत तयार होत नाहीत.

माझं आठव्या महिन्यात झालं. घरात दिराचं लग्न, धावपळीत दोन दिवस ड्रॉप मागेपुढे झाले, गुरुवारी सकाळी कालनिर्णयवरचा आकडा जो आदल्या दिवशी स्वच्छ होता तो वाफ धरलेल्या काचेमागे असल्यासारखा. डोळा थोडासाच लाल, दुखत अजिबात नव्हतं. मला वाटलं जागरणाने असेल, आणि शनिवारी तसंही चेकअप होतं. मी शनिवारपर्यंत थांबले. हे माझं चुकलं. दोन दिवस गेले ते गेले. नशिबाने परतलं, पण दहा दिवस तासातासाला ड्रॉप, रात्री गजर लावून, आणि सुट्टी वेगळी. तुम्ही थांबू नका. शुक्रवारी संध्याकाळी झालं तर सोमवार नाही, इमर्जन्सीला जा, आणि तिथे पहिलं वाक्य हेच बोला की "माझं बुबुळ रोपण झालंय", नाहीतर डोळे आलेत समजून साधा ड्रॉप देऊन परत पाठवतात.

अचानक काहीतरी टोचतंय, पापणी लवली की खुपतंय, असं झालं तर टाका सैल झालेला असू शकतो. सैल टाक्याला चिकटा धरतो, जंतू धरतो, तो लगेच काढावा लागतो. घरी चिमट्याने वगैरे कोणी हात लावू नका.

कामावर कधी

ढोबळ हिशोब असा की खुर्चीतलं, सावलीतलं, धूळ नसलेलं काम असेल तर बरेच डॉक्टर दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सुरू करू देतात, दुसऱ्या डोळ्याने दिसत असेल तर. जड उचलणं, धूळ, उष्णता, केमिकल, शेत असेल तर दोन-तीन महिने, कधी जास्त. ते बारामतीचे काका सहा महिने उसात गेले नाहीत, मळणीजवळ नाही, फवारणी नाही, आणि नंतर गेले ते बंद गॉगल घालूनच.

कारण समजून घ्या. पीकेत बुबुळाची सगळी गोल कड कापून शिवलेली असते आणि ती जखम आयुष्यभर मूळच्या ताकदीची होत नाही. मार बसला तर नेमकं तिथूनच उघडू शकतं, दहा वर्षांनीसुद्धा. म्हणून पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी गॉगल, कडेने बंद असलेला, हा आता चपलेसारखा, त्याशिवाय शॉप फ्लोअरवर पाऊल नाही. घरात लहान मूल कडेवर घेतानाही चष्मा असू द्या, त्यांचं बोट कुठे जाईल सांगता येत नाही. टेनिस बॉलचं क्रिकेट, कबड्डी विसरा. विसर्जनाचा गुलाल, धुळवड, फटाके, यापासून लांब. पोहणं डॉक्टर सांगेपर्यंत नाही.

सुट्टीचं: पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापलं जात असतं, त्यात आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के मिळतात, त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट दर वेळी वेळेवर लागतं, एक जरी मधलं राहिलं की पैसे अडकतात. ऑपरेशनच्या खर्चाचं बघायचं तर महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन ऑपरेशनच्या आधी त्यांना भेटा, नंतर नाही. बुबुळाची किंमत म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तिथून उठा, अवयवांची खरेदी-विक्री आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हॉस्पिटल घेतं तो ऑपरेशनचा आणि नेत्रपेढीच्या तपासणी-साठवणीचा खर्च. आणि एका डोळ्याने दिसत नाही म्हणून अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळेल असं काही जण सांगतात, दुसरा डोळा नीट असेल तर ते जास्तीत जास्त ३० टक्के बसतं आणि सवलतींना बहुतेक ठिकाणी ४० लागतात, त्यामागे दिवस घालवायचे का ते बघा.

फिटनेस सर्टिफिकेटवर नुसतं "फिट" लिहून घेऊ नका. मी पहिल्यांदा तसंच आणलं आणि कंपनीने दुसऱ्या दिवशी ग्राइंडिंग सेक्शनला इन्स्पेक्शनला पाठवलं, त्यांचीही चूक म्हणता येत नाही, कागदावर फिटच होतं. परत जाऊन असं लिहून आणलं: अमुक तारखेपर्यंत ग्राइंडिंग आणि कूलंटच्या (मशीन थंड ठेवायला उडवतात ते पाणी-तेल) जागी काम नको, पाच किलोच्या वर उचलणं नको, दर दोन तासांनी ड्रॉपसाठी पाच मिनिटं, गॉगल सक्तीचा, नाइट शिफ्ट नको. हे हातात असलं की मागायला लाज वाटत नाही, कारण ते आपण मागत नसतो, डॉक्टर सांगत असतात.

माझं कामाचं असं बसवलं. पहिले दोन महिने रिपोर्ट एंट्री. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबून अक्षर दीडपट, आणि विंडोजचं बटण नि अधिक एकत्र दाबलं की भिंग चालू होतं, ड्रॉइंग बघायला ते फार उपयोगी. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघायचं. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, नव्या बुबुळाला काही काळ संवेदनाच कमी असते म्हणून कोरडं पडलेलं कळतही नाही, त्यामुळे कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप घड्याळ बघून टाकायचे, खुपायची वाट न बघता. एसीचा झोत तोंडावर घेऊ नका. आमच्याकडे हाताला तेल-कूलंट असतं म्हणून ड्रॉपआधी साबण, आणि बाटली झिपच्या पिशवीत.

मग मोजमाप. व्हर्नियरवर ०.०२ ची रेघ कुठली कुठल्या रेघेशी जुळली हे बघायचं असतं, आणि मला प्रत्येक रेघेला एक सावलीची रेघ दिसत होती. चांगल्या डोळ्याने बघितलं तरी खराब डोळ्याची सावली मध्ये यायची. साहेबांकडे सरळ गेले, म्हणलं सर, माझ्या डोळ्याने पास केलेला पार्ट पुढे कोणाच्या तरी गाडीत बसणार आहे, मला अजून खात्री नाही, डिजिटल व्हर्नियर द्या आणि क्रिटिकल डायमेन्शन, म्हणजे चुकून चालत नाहीत ती मापं, दुसऱ्याकडून तपासून घ्या. मला वाटलं होतं काढून टाकतील. त्यांनी त्याच दिवशी स्टोअरमधून डिजिटल काढून दिला. बारीक रेघांच्या कामाला चष्म्याच्या नवीन डोळ्यासमोरच्या काचेवर धूसर टेप लावायचा उपाय ऑप्टोमेट्रिस्टने (नंबर तपासतात ते) सुचवला, एकाच डोळ्याने शांत दिसतं आणि डोकं दुखत नाही. पण विचारूनच करा, आणि चालताना-फिरताना लावू नका.

एका डोळ्यावर काम चालतं तेव्हा अंतराचा अंदाज जातो. मी चहा ओतायचे तर धार कपाच्या बाजूला. उपाय साधा आहे, किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवूनच ओतायचं. जिन्यात कठड्याला हात, उतरताना जास्त. मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावताना आधी हाताने चाचपायचं, अर्थात मशीन बंद असताना. आणि स्कूटी अजिबात नाही! मी सात महिने पीएमपीच्या बसने गेले, खिडकी बंद करून, वारा-धूळ नको म्हणून. रात्री समोरून येणाऱ्या हेडलाइटभोवती टाक्यांमुळे मोठाली वलयं दिसतात, त्यात गाडी चालवणं म्हणजे जीवाशी खेळ. नंबर स्थिर झाल्यावर डॉक्टरांनी होकार दिला तेव्हाच परत चालवली, तीही दिवसाउजेडी.

धातूवरची चमक फार त्रास देते, बाहेर उन्हाची टोपी आणि काळा गॉगल, आत टेबललॅम्प डोक्याच्या मागून येईल असा. फोनचं अक्षर मोठं करा, लोक बघतील तर बघू देत.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: कुठल्या डोळ्याचं कुठलं ऑपरेशन, तारीख, सध्याचे ड्रॉप आणि किती वेळा, डॉक्टरांचा नंबर. गावाला जाताना ड्रॉप बॅगेत नाही, अंगावरच्या पर्समध्ये, बॅग डिकीत तापते. दर रविवारी त्याच खिडकीत उभं राहून डोळ्याचा फोटो काढा, लाली वाढली का ते मागच्या फोटोशी लावून बघता येतं आणि डॉक्टरांनाही दाखवता येतं.

ज्यांचं बुबुळ आपल्याला मिळालं त्यांचं नाव सांगत नाहीत. एवढंच कळतं की कोणाच्या तरी घरी माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत घरच्यांनी नेत्रपेढीला फोन केला, रडतारडता केला असेल, पंखा बंद केला, पापण्यांवर ओला कापूस ठेवला आणि वाट बघितली. झिर्म नावाच्या डॉक्टरांनी १९०५ साली पहिल्यांदा हे ऑपरेशन माणसावर यशस्वी केलं तेव्हापासून आजपर्यंत दुसऱ्या माणसाचं बुबुळ मिळालं तरच आमच्यासारख्या बहुतेकांचं भागतं. मी दर सर्वपित्रीला त्या अनोळखी माणसासाठी एक पान वाढते. आणि ड्रॉप चुकवावासा वाटला, कंटाळा आला, तर त्या फोन करणाऱ्या घराची आठवण काढते, मग हात आपोआप बाटलीकडे जातो.

आता माझा दिवसाला एक थेंब आहे आणि सहा महिन्यांनी चेकअप. व्हर्नियर परत साधा वापरते, लेन्स घालून. पण सकाळचं कालनिर्णय सुटलेलं नाही, लेन्स घालायच्या आधी, चिकटपट्टीच्या खुणेवर, डावा डोळा झाकून, आधी मोठा आकडा मग जमली तर खालची तिथी. तुम्हीही तेच करा, आणि आकडा कालच्यापेक्षा धूसर वाटला तर चहा ठेवायच्या आधी दवाखान्यात फोन लावा.